मुक्ताबाईंची सांबारवडी

धनकवडी महापालिकेत गेली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि मुक्ताबाईंच्या हातचं काम एकाएकी संपलं. पूर्वी दहा माणसांच्या भाकरी थापायच्या, आता घरात त्या आणि नवरा बाबुराव अशी दोनच माणसं. लेक लग्न होऊन सासवडला गेलेली. नुसतं बसून राहणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या बसने मार्केट यार्डात जाऊ लागल्या आणि जी भाजी ओळखीची नाही ती आधी पिशवीत टाकू लागल्या. ब्रोकोली पहिल्यांदा आणली तेव्हा तिचं भरीत केलं. अळिंबीची आमटी केली. बाबुराव ताटाकडे बघून विचारायचे, "आज ह्ये काय हाय, का तुलाबी ठाऊक न्हाय?" विचारायचे आणि मुकाट्याने खायचे.

वरच्या मजल्यावर तीन पोरी भाड्याने राहायला आल्या ते साल २००४. तिघी हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत कामाला. त्यातली श्रद्धा भंडाऱ्याकडची, पवनीची. आठवड्याभरात मुक्ताबाईंनी तिला जिन्यात गाठून तिच्या गावाला काय काय खातात ते विचारून घेतलं. श्रद्धा कंपनीच्या बसच्या घाईत होती. तिने चार-पाच नावं घेतली, पण सांबारवडी म्हणताना तिचा आवाज जरा बदलला. थंडीत आई करते, असं म्हणून ती पळाली.

मुक्ताबाईंच्या डोक्यात ते नाव बसलं. सांबार त्यांना माहीत होतं, स्वारगेटच्या उडप्याकडे इडलीबरोबर चाखलं होतं. वडी तर रोजचीच. म्हणजे सांबारात सोडलेली वडी असणार. रविवारी त्यांनी तूरडाळ शिजवली, शेवग्याच्या शेंगा आणि चिंच घातली, थापीव वड्या करून त्यात सोडल्या आणि भरलं पातेलं घेऊन स्वतः वर गेल्या.

श्रद्धाने झाकण काढलं आणि ती बघतच राहिली. मग हसायला लागली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थोड्या वेळाने ते नुसतंच पाणी राहिलं. मुक्ताबाई घाबरल्या. काय चुकलं, तिखट जास्त झालं का, असं विचारू लागल्या. श्रद्धाने डोळे पुसून सांगितलं, "काकू, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात."

मुक्ताबाईंना आधी खरंच वाटेना. मग त्या तिथेच बसल्या. कोथिंबिरीला सांबार, तर मग सांबाराला काय म्हणतात, धण्यांना काय म्हणतात, वडी तळतात की उकडतात, एकामागून एक विचारत सुटल्या. श्रद्धाला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. तिने सरळ आईला फोन लावला आणि मोबाईल काकूंच्या हातात दिला.

अशी मुक्ताबाईंची आणि इंदुबाईंची ओळख झाली. दोघीही फोनवर ओरडून बोलायच्या, जणू धनकवडी ते पवनी अंतर आवाजानेच कापायचं होतं. इंदुबाईंचं सांगणं एकच, कोथिंबीर धुऊन सावलीत पार कोरडी झाली पाहिजे. बाकी तीळ, खसखस, खोबरं, चारोळी आपल्या हाताने. बेसनाच्या पारीला आतून चिंचेचं पाणी आणि काळा मसाला लावायचा, सारण भरायचं, पाकिटासारखं मिटायचं आणि तळायचं.

पहिल्या खेपेला वड्या कढईत फुटल्या. तेल उडून मुक्ताबाईंच्या मनगटावर फोड आले. दुसऱ्या खेपेला पारी जाड झाली आणि बाबुराव म्हणाले की ही सांबारवडी नसून चपलेचा तळवा आहे. तिसऱ्या खेपेसाठी मुक्ताबाईंनी दोन दिवस आधी मार्केट यार्डातून पंधरा जुड्या आणल्या आणि घरभर जुनी लुगडी अंथरून त्यांवर पसरल्या. त्या दोन दिवसांत बाबुरावांना टीव्हीसमोर बसायलाही जागा नव्हती. पण या वेळच्या वड्या फुटल्या नाहीत. श्रद्धाने पहिला घास खाल्ला आणि लगेच दुसरी वडी उचलली. मुक्ताबाई समजल्या.

डिसेंबरात इंदुबाई लेकीला बघायला पुण्याला आल्या. ठेंगण्या, बोलक्या, हातात वाळवणाच्या दोन थैल्या. आल्या त्या थेट खालच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मुक्ताबाईंची सांबारवडी त्यांनी खाऊन पाहिली आणि पारी अजून पातळ पाहिजे असं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाल्या, "आमचं तुम्ही शिकल्या जी. आता तुमच्या गावचं काय ते खाऊ घाला."

मुक्ताबाईंनी पावभाजीचं नाव घेतलं. ती पवनीतही मिळते, इंदुबाई म्हणाल्या. मिसळ तर नागपुरातही मिळते.  चार प्रांतांचे पदार्थ मुक्ताबाईंना येत होते, पण गावचा म्हणून एकही तोंडावर येईना. गाव तरी कुठे राहिलं होतं? इमारतींच्या खाली गेलं होतं. रात्रीचं जेवण त्यांनी वरण-भातावर भागवलं आणि आपण आजवर सगळ्यांना विचारत आलो, आपल्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

सकाळी त्या जुन्या गावठाणात वेणूबाईंकडे गेल्या. वेणूबाई त्यांची थोरली जाऊ, पंचाहत्तरीची. मुक्ताबाईंनी विचारलं, थंडीत आपण काय खायचो? वेणूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ही एवढ्यात विसरली कशी. "शेंगोळी," त्या म्हणाल्या. "दुसरं काय व्हतं?"

मुक्ताबाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी ती मुद्दाम सोडली होती. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूबाई चुलीवर शेंगोळी करत असताना तलाठी दारात आला होता. सासूबाईंनी चटकन पातेल्यावर टोपली उपडी घातली होती. शेंगोळी हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठाची, आणि हुलगे म्हणजे घोड्याचं खाणं, ते शिजताना परक्या माणसाने बघू नये. तेव्हा सोळा वर्षांच्या असलेल्या मुक्ताबाईंनी ती लाज न विचारता उचलली होती. हातात दोन पैसे खेळू लागले तेव्हा हुलगे पहिल्यांदा घराबाहेर गेले.

वेणूबाईंनी डब्यातलं पीठ काढून दिलं आणि स्वतःही काठी टेकत सोबत निघाल्या. दुपारी चौघी खाली बसल्या. पिठात लसूण, मिरची आणि जिरं कुटून घातलं, घट्ट मळलं. वेणूबाईंनी तळहातावर बोटाएवढी वळी करून दोन्ही टोकं जुळवली आणि कडं ताटात ठेवलं. श्रद्धाची कडी वाकडी होत होती. इंदुबाईंची पहिल्यापासून नीट झाली, तशी वेणूबाईंनी त्यांना आपल्या शेजारी सरकवून घेतलं. लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळलं आणि शेंगोळी त्यात सोडली. घरभर असा वास सुटला की बाबुराव टीव्ही तसाच ठेवून दारात येऊन उभे राहिले.

इंदुबाईंनी घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मुक्ताबाईंचं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडे.

"खरं सांगू?" इंदुबाई म्हणाल्या. "पहिल्या घासाले मातीवानी लागलं. आता दुसरा द्या."

दुसऱ्यानंतर त्यांनी तिसराही मागितला. बाबुराव मात्र पहिल्या घासालाच थांबले. "आईचं असंच व्हतं," एवढंच म्हणाले आणि ताट घेऊन ओसरीवर गेले. तिकडे ते एकटेच जेवले. मुक्ताबाई रस्सा वाढायला उठल्या, पण दारापर्यंत जाऊन परत आल्या.

इंदुबाई जाताना किलोभर हुलग्याचं पीठ घेऊन गेल्या आणि मुक्ताबाईंकडून जानेवारीत पवनीला यायचं वचनही घेऊन गेल्या. तुळजापूरपलीकडे कधी न गेलेल्या मुक्ताबाईंनी श्रद्धाला गोंदियाच्या गाडीचं तिकीट काढायला लावलं. कोथिंबीर बघायला एवढ्या लांब कोण जातं, असं बाबुराव चार वेळा बोलले, आणि पाचव्यांदा त्यांनी स्वतःच्या तिकिटाचं विचारलं.

पवनीला दोघं भल्या सकाळी पोचली. घरामागच्या वाफ्यात कोथिंबीर गुडघाभर वाढलेली, दवाने ओली. मुक्ताबाईंनी काडी खुडून चावली आणि ही आपल्यापेक्षा उग्र आहे असं त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात शेजारच्या परसातून धूर आला आणि धुराबरोबर आंबूस, भाजका असा एक वास आला, जो त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता. इंदुबाई चहा गाळत होत्या. मुक्ताबाईंनी चहाची वाटही पाहिली नाही. पदर खोचला, कुंपणाशी गेल्या आणि चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या अनोळखी बाईला त्यांनी हाक मारली.

"ताई, काय शिजतंय म्हणायचं?"