ताटातलं नाव

महान संस्कृतींचा ऱ्हास नेमका कुठून सुरू होतो, यावर विद्वानांत एकमत नाही. मी स्वतः पाहिलंय. डाव्या सँडलपासून. ग्रीसमधल्या एका पडक्या देवळात, लग्नाच्या नवव्या दिवशी, माझी बायको तिथून दगडाची होऊ लागली.

“शर्वरी, चल, बस सुटेल,” मी म्हणालो.

“पाय निघत नाहीये हो.”

देवळाचा रखवालदार सावलीत बसून संत्रं सोलत होता. तो मराठीत बोलला. परदेशात माणसं फार मदत करतात.

“नव्या नवऱ्यांचं हे नेहमीचंच. नावाने हाक मारा, सुटेल.”

मी मारली. दगड गुडघ्यापर्यंत आला.

“तुम्ही ठेवलेलं नको. तिचं.”

शर्वरी हे नाव मी लग्नात ठेवलं होतं, ताटभर तांदळात अंगठीने लिहून. आधीचं नाव जुनाट होतं, एवढं पक्कं आठवत होतं. नाव आठवत नव्हतं.

“तुझं माहेरचं नाव काय गं?”

“लिहायच्या आधी तुम्ही तांदूळ सारखे केलेत ना, तेव्हा खालीच राहिलं असेल. त्या तांदळाची आईंनी खीर केली. तुम्ही दोनदा घेतलीत.”

“अगं, आठवून तरी बघ!”

“मला तुमचं पाठ आहे. सात उखाणे आहेत. घेऊ?”

दगड कमरेला लागला. मी तिचा पासपोर्ट उघडला. तो मी साखरपुडा होताच नव्या नावाने करून घेतला होता. माझ्या कामाच्या उरकाचं तेव्हा घरात कौतुक झालं होतं.

मग सुचतील त्या नावांनी हाका मारल्या. यमुना. वेणू. कुमुद. दर हाकेला दगड वीतभर चढे.

“कुमुद कोण?” तिने विचारलं, आणि ओठ पांढरे झाले.

रखवालदाराने हात पुसले, तिच्याभोवती दोरी बांधली आणि माझ्या हातात एक कोरं कार्ड आणि पेन दिलं.

“नाव लिहा. बिननावाचे पुतळे आम्ही मागे गोदामात टाकतो. तिथे आता उभं राहायला जागा नाही.”

मी ‘सौ. शर्वरी’ असं लिहिलं. अक्षरं तांदळासारखी घरंगळून खाली पडली. कबुतरांनी ती टिपली. मी पुन्हा लिहिलं. कबुतरं वाढली.

बाहेर बस हॉर्न देत होती. बायको पांढऱ्या डोळ्यांनी कार्डाकडे बघत होती, आणि मी पेन टेकवून उभा होतो.

“राहू द्या,” रखवालदार म्हणाला. “पेन तेवढं परत करा.”