आठवा वाटा

ठकुबाईने पदराची गाठ दातांनी सोडली आणि आतली हिरवी बांगडी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"ह्या गेल्या सालच्या मापाहून दोराभर मोठी घ्या," ती म्हणाली. "आन् आठ वाटं, सात न्हाई."

हैबतीने बांगडी न बघताच चंचीत टाकली आणि काठी उचलून भोरच्या बाजाराची वाट धरली. भोरला मोटार सुरू झाली होती, पण त्याचा विश्वास अजून पायांवरच होता.

धनगरवाड्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात एक डोह होता आणि डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड, साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे. चैत्रात वाड्यावरच्या बायका तिथे जात, सातजणींना हळदकुंकू, घास आणि बांगड्या देत आणि मागे वळून न बघता घरी येत. ठकुबाई आठ वाटे ठेवायची.

आठवा बयाचा. सात वर्षांपूर्वी लोकर कातरण्याआधी हैबती डोहात मेंढ्या धूत होता आणि आठ वर्षांची बया त्याच्या पाठीमागे काठावर कोकरू धरून बसली होती. एक मेंढी धुवून त्याने वळून पाहिलं, तर काठावर नुसतं कोकरू. तीन दिवस शोधूनही पोर सापडली नाही. बायका म्हणाल्या, आसरांनी नेली. ठकुबाईने तेवढंच धरून ठेवलं. नेली म्हणजे आहे, आणि आहे म्हणजे वाढत असणार. म्हणून ती दरसाल माप वाढवायची आणि पुढल्या सालासाठी एक बांगडी मापाला घरी ठेवायची.

हैबतीने मात्र त्यानंतर डोहाकडे पाऊल टाकलं नाही की पोरीचं नाव घेतलं नाही. मेंढ्या धुवायला तो कोसभर खाली नदीवर जाई. बुडाली ती, एवढंच एकदा बोलला होता, आणि ठकुबाई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती.

यंदा शेळीमागे धावताना तिचा पाय मोडला. शेजारची धोंडाबाई सात वाटे न्यायला तयार होती, आठवा नाही. आठवी वाढवली की त्या नववी मागतात, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या घरात तीन मुली होत्या. तिला तरी काय बोलणार? उरला हैबती.

दिवसभर ठकुबाई दारात पाय पसरून वाटेकडे बघत बसली. नवऱ्याचा तिला भरवसा वाटत नव्हता. तो सातच घेईल आणि माप मिळालं नाही म्हणेल. त्या सातजणींच्या किणकिणत्या हातांमध्ये आपली पोर रिकाम्या हातांनी उभी राहील, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

उन्हं कलताना तो आला. परस्पर डोहावर जाऊनच आला होता. उंबऱ्याशी उभं राहून त्याने चंचीतून बांगडी काढून दिली. ती जुनीच होती.

"ठेवलं आठ?"

"व्हय."

"मग औंदाची मापाची कुठं हाय?"

हैबतीने पटका सोडून हातात घेतला आणि उभ्याउभ्याच तो त्याची नीट घडी करू लागला.

"माप न्हाई आनलं. चुडा भरला औंदा. पंधरा वर्सांची झाली ती, लगीन कवाच झालं असतं."

ठकुबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. चुड्याचं माप कुणाचं दिलं, असं तिने हळूच विचारलं. हैबतीने अंगठा आणि बोट जुळवून हवेत वेढा केला, कासाराला दाखवला होता तसा.

"तुझ्या हाताचं. बया तुझ्यावरच गेली हुती."

सात वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं होतं. ठकुबाईने डोळ्यांना पदर लावला. मग तिला रीत आठवली.

"निघताना मागं वळून न्हाई ना बघितलं?"

"बघितलं," हैबती म्हणाला. "लई येळ बघत बसलो. तवा पाठ हुती माझी."

मोडका पाय हाताने उचलून ठकुबाई जरा बाजूला सरकली आणि उंबऱ्यावर तिने त्याला जागा करून दिली.