लहान म, मोठा म

मित्रांनो, नारिन नदीकाठच्या एका पाणी उपसा केंद्रात, कचेरीच्या खिडकीशी माझे टेबल आहे. मी एक जुना टाइपरायटर. माझ्या कळांवर किर्गिझ अक्षरे आहेत. पंपांच्या मोटारी तपासल्याचे अहवाल माझ्यावर टाइप होत.

तुमच्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात. आमच्याकडे असतात. मोजमापाच्या एककाला शास्त्रज्ञाचे नाव दिलेले असेल, तर त्याची खूण मोठ्या अक्षराने सुरू होते. पूर्ण नाव मात्र लहान अक्षरांतच लिहायचे. खुणेआधी मोठा ‘म’ असेल तर मेगा, म्हणजे दहा लाख पट. लहान असेल तर मिलि, म्हणजे हजारावा भाग. दोन्हींचा आकार एकच, फक्त उंची वेगळी.

तपासनीस अनारकान याबाबतीत फार कडक होती. एक अक्षर चुकले की कागद परत.

“एका ‘म’साठी अख्खं पान पुन्हा, एजे?” टायपिस्ट कालिपा कुरकुरायची. एजे म्हणजे ताई.

“तुला ‘म’ दिसतो, मला मोटार दिसते. टाइप कर.”

मग अनारकानकडे आणखी दोन केंद्रे आली. ती मोजणी करून हाताने लिहिलेला कागद ठेवायची, आधीच्या टाइप केलेल्या कागदांवर घाईत सह्या करायची आणि पुढच्या गाडीने जायची. त्याच हिवाळ्यात माझ्या शिफ्टच्या कळेची तार तुटली. सगळे लहान अक्षरांत उमटू लागले. कालिपाने काही दिवस पेनाने अक्षरे मोठी केली, मग तेही सोडले.

“कशाला शाई घालवतेस?” फिटर मामबेत हसून म्हणाला. “तुझं यंत्र म्हातारं झालंय, वाकून चालतं. मला कळतं की मेगाच आहे.”

आणि ते खरेही होते. मोटारीचे वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, आणि मोटारीचे बाहेरचे लोखंडी अंग यांच्यात कित्येक मेगाओहम रोध हवा. आमच्या मोटारी चांगल्या होत्या.

एप्रिलमध्ये तिसऱ्या मोटारीत पाणी शिरले. अनारकानने मोजले: तीनशे मिलिओहम. म्हणजे आतली तार थेट अंगाला टेकलेली. तिने लहान ‘म’ नीट लिहिला आणि ती गेली. कालिपाने टाइप केले. माझ्याकडून लहान ‘म’च उमटला. तार तुटल्यापासून मी प्रथमच बरोबर होतो.

मामबेतने कागद पाहिला. “तीनशे! झकास.” त्याने खटका दाबला.

खटक्याच्या खोक्यातून जाळ उसळला. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

चौकशीला अनारकान आली. तिने हाताने लिहिलेला आणि टाइप केलेला, दोन्ही कागद शेजारी ठेवले. कालिपा रडत म्हणाली, “एजे, मी लहानच टाइप केला होता.”

“हो गं. पण तुझ्या लहान ‘म’वर विश्वास कुणी ठेवायचा? चार महिने तो खोटं बोलत होता. आणि मी त्या कागदांवर सह्या केल्या.”

तिने स्वतःची चूकही अहवालात लिहिली. कालिपा दर रविवारी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून इस्पितळात नेई. मामबेत कामावर परतला तेव्हा त्याची दोन बोटे मिटत नव्हती.

मित्रांनो, माझी तार बदलायला कारागीर आला. त्याला वीस मिनिटे लागली. तुमच्या घरात, शाळेत असे काही मोडलेले असेल आणि त्याच्यावाचून चालवून घ्यायची सवय तुम्हाला लागली असेल, तर ते आजच दुरुस्त करा.