घमेल्यातली खर

ट्रॅक्टरखालून आधी मिस्त्रीचे पाय बाहेर आले, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी आलेल्या तोंडाने आख्ख्या अंगणाला ऐकवलं, "गेलं. इंजिन गेलं."

मिस्त्री तो नावाचाच. मिस्त्री म्हटलं की तो कुणाचाही पंप फुकटात खोलून देई, म्हणून गाव त्याला मिस्त्री म्हणे; खोललेला पंप जोडायला दुसरा माणूस शोधावा लागे. ट्रॅक्टरचं ऑइल मात्र तो दरवर्षी घरीच बदलायचा. आज घमेल्यात काढलेलं काळं ऑइल डब्यात ओतताना तळाशी त्याला जाडसर चुऱ्यासारखी खर दिसली. ती चिमटीत धरून त्याने बायकोच्या नाकासमोर नेली.

"बघ कशी कचकच लागतेय. बेअरिंग खाल्लंस तू."

बायको चादरी वाळत घालत होती. त्याची कंबर धरल्यापासून ट्रॅक्टर तीच चालवत होती. सुरुवातीला एकदा बांधावर चढवला, हे खरं. पण आता तिच्या सऱ्या इतक्या सरळ पडत की त्याला बघवत नसे. वर बसलं की तिला सगळं रान एका नजरेत दिसे आणि उगाचच हसू येई. कंबर बरी झाल्यापासून तो किल्ली परत घ्यायला कारण शोधतोय, हे तिला कळत होतं. आता कारण आयतंच चालून आलं.

ती घरात गेली आणि मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आली. खरीवर फिरवलं. एक कण चिकटला नाही.

"लोखंड नाही हे," ती म्हणाली.

"बेअरिंग लोखंडाचंच असतं असं तुला कुणी सांगितलं?"

कुंपणापलीकडे शेजारच्या सुताराचा रंधा थांबला. "वहिनींनी इंजिन मारलं का?"

"भावजी, तुम्ही फळ्या तासा," ती म्हणाली.

मिस्त्रीला प्रेक्षक मिळाल्यावर चेव चढला. हातातला पाना तो एकेका शब्दाला घमेल्याच्या काठावर आपटू लागला. "आजपासून," टण, "किल्ली," टण, "माझ्याकडे," टण.

गोठ्यामागून एक कोंबडी धावत आली. मागून चार. मग सगळा थवा पंख पसरून असा सुटला की मिस्त्री मागच्या मागे बसला. कोंबडा थेट घमेल्यात उतरला, खर टिपायला लागला, आणि हाकलला तसा काळ्या पायांनी धुतलेल्या चादरीवर चढला.

सासूबाई पदर खोचत बाहेर आल्या. "माझं घमेलं कुणी वाजवलं रे? सकाळपासून शोधतेय. ते वाजवल्याशिवाय कोंबड्या येत नाहीत. शिंपल्यांचा चुरा त्यातच ठेवला होता मी."

बायकोने चिमूटभर खर डिझेलमध्ये खळबळली. तळहातावर पांढरा शुभ्र चुरा उरला.

"मला वाटलं रिकामं आहे," मिस्त्री म्हणाला.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या इंजिनाने अंडी घातली तर कवच टणक येईल."

सुताराने फळीवर डोकं टेकलं. बायकोला हसू आवरेना, तिला दोरी धरून उभं राहावं लागलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मिस्त्रीने तोंड पाडून नट आवळला, नवं ऑइल भरलं, आणि किल्ली तिच्या पुढे धरली. बघत मात्र होता कोंबड्यांकडे.

थोड्या वेळाने ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला तेव्हा मिस्त्री बादलीपाशी बसून कोंबड्याचे पाय साबणाने घासत होता.

"दुसऱ्या गिअरवरच चालव," तो ओरडला.

ती तेव्हा तिसऱ्यावर होती.