छकुलीची घंटा

हिमानी नेदरलँडहून आली ती मला भेटायला नाही, कुत्रीला न्यायला. सूनबाईंनी बॅग दारात टाकली आणि आधी तिलाच कवटाळलं. "कोको! माझं बाळ गं ते!"

आम्ही तिला छकुली म्हणतो. माझा लेक चिन्मय नि हिमानी परदेशी गेले तेव्हा हे पिल्लू आमच्याकडे संग्रामपूरला ठेवून गेले होते. तेव्हापासून ते माझ्या पायाशी निजतं.

हिमानीनं लगोलग बुलढाण्याला नेऊन तिच्या मानेत चिप बसवली, मग लस टोचली. कागदावर नाव आलं, कोको. मी हळूच म्हटलं, "छकुली बी लिवून टाक नं."

"आई, एकच नाव चालतं," म्हणून ती हसली. ते हसणंच मला लागलं.

राहिला प्रवासाचा पिंजरा. त्यात शांत बसायची सवय झाल्याशिवाय विमानात घेत नाहीत म्हणे. हिमानी चीज दाखवून विनवी, "आत जा, कोको!" कुत्री पाय रोवून उभी. ओसरीवरून आमचे यजमान हसत, "अवो सूनबाई, ते तुमची भाषा इसरली!"

ती कशी आत जाईल, हे मला ठाऊक होतं. पूजा होईस्तोवर माझं मौन असतं, म्हणून छकुलीला मी सकाळी शब्दानं कधी बोलावलंच नाही. नैवेद्याची घंटा वाजली की ती धावत येते, आपल्या पाटावर बसते, दूधभात खाते. पाट पिंजऱ्यात ठेवून घंटा वाजवली की झालं. पण मी सांगितलं नाही. उलट घंटेचा लोलक बोटांत धरून मुकीच आरती करू लागले. सून जाऊ दे, कुत्री राहू दे, हेच देवाजवळ मागत होते.

पण घंटा वाजेना म्हणून छकुली जेवेना. देवघराच्या उंबऱ्याशी बसून घंटेकडे बघत राही. वाटीतल्या दुधावर साय धरली.

"आई, आजारी पडली का हो ही?" हिमानीनं माझाच हात धरला. "चिन्मय दिवसभर ऑफिसात. तिकडे मला बोलायला कुणी नाही."

माझं मौन होतं. मी उठले, पाट पिंजऱ्यात ठेवला, नैवेद्य दाखवून घंटा वाजवली. छकुली सरळ आत. भात चाटूनपुसून खाल्ला आणि वेटोळं करून बसली.

हिमानी बघतच राहिली. पूजा आटोपल्यावर म्हणाली, "आई, ही घंटा मला द्याल?"

"ने बाई. पण नुसती वाजवू नको. आधी देवाले नैवेद्य दाखवजो, मंग इले."

"रोज?"

"हाव, रोज. आंघोळ करून."

यजमान ओसरीवर खोकल्यासारखं हसले.

निघायच्या दिवशी घंटा चिंचेनं घासून हिमानीच्या पिशवीत ठेवली. लोलकाला मात्र फडकं गुंडाळलं. वाटेत वाजली असती, तर छकुलीनं मला शोधलं असतं.