अहो आईंचा फोन

शनिवारी सकाळी सुधाताईंचा फोन आला तेव्हा आभा कपडे वाळत घालत होती. घटस्फोटाला वर्ष उलटून गेलं होतं, पण सासूबाईंचं नाव फोनमध्ये अजून 'अहो आई' असंच होतं. बदलायचं राहून गेलं होतं. ओला टॉवेल खांद्यावर टाकून तिनं फोन उचलला.

"आभा, आज अकराला रूपालीकडे येशील का? थोडं बोलायचंय."

"घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे गं. समोर बसूनच बोलू." आणि फोन ठेवलासुद्धा.

समोर बसून बोलण्यासारखं काय असणार? आल्हाद आजारी असेल. नाहीतर त्याला पुन्हा एकत्र यायचं असेल आणि त्यानं आईला पुढे केलं असेल. या दुसऱ्या विचाराची तर आभाला जास्तच धास्ती वाटली. आल्हाद वाईट माणूस नव्हता. पण दोघं एका घरात पाहुण्यांसारखी जपून, बेतून बोलत राहिली होती, आणि त्यातून बाहेर पडताना तिची फार दमछाक झाली होती. नवऱ्याला नाही म्हणणं कसंबसं जमलं. सुधाताईंनी डोळ्यांत पाणी आणून "परत ये" म्हटलं, तर ते जमणार नव्हतं.

महात्मानगरात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये रूपालीचं चहा-कॉफीचं दुकान होतं. तिच्या माहेरी, मखमलाबादला फुलशेती होती, त्यामुळे टेबलांवर कायम शेवंती नाहीतर झेंडू. पूर्वी सासू-सून भाजी घेतली की हमखास इथं टेकायच्या. घटस्फोटानंतर आभानं ती गल्लीच टाकली होती.

"ताई! किती दिवसांनी!" रूपाली काउंटरमागून ओरडली, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "आतल्या टेबलावर बसल्यात. मघापासून नुसत्या दाराकडे बघतायत."

सुधाताईंच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. आभा समोर बसली. नुसतंच "नमस्कार" म्हणून तिनं पर्स मांडीवर घेतली.

"मला काय हाक मारायची, या पेचात आहेस ना?" सुधाताई म्हणाल्या. "काकू म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस. बरं, ऐक. आल्हादचं लग्न ठरलंय."

आभानं मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली.

"इगतपुरीची आहे, दीपमाला. रेल्वेत नोकरी करते. तिचंही दुसरं लग्न. उद्या साखरपुडा आहे. कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकणार आणि तुला ते तिथून कळणार, हे मला बघवलं नसतं. आल्हाद म्हणाला, मी कळवतो. मी म्हटलं, नको, तू दोन वाक्यांत उरकशील."

ठणकणाऱ्या दाढेला भीतभीत जीभ लावून बघावी, तसं आभानं स्वतःला चाचपून पाहिलं. काहीच दुखलं नाही. उलट छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"अगं, रडू नकोस ना," सुधाताई घाबरल्या.

"रडत नाहीये हो! मला वाटलं, तुम्ही मला परत न्यायला आलात."

"परत?" सुधाताईंचे डोळे मोठे झाले. "त्या घरात? तुम्ही दोघं जेवायला बसलात की मला घास उतरत नसे, इतकं चिडीचूप असायचं. तुझी सही झाली त्या दिवशी मी खूप रडले, आणि नंतर किती तरी महिन्यांनी गाढ झोपले. कोणाला सांगायची सोय होती का हे?"

आता दोघीही हसत होत्या. रूपालीनं न विचारताच फिल्टर कॉफीचे दोन पेले आणि गरम बन-मस्का आणून ठेवला, आणि थंड चहाचा कप मुकाट्यानं उचलून नेला.

"खरं सांगू?" सुधाताई पेल्याकडे बघत म्हणाल्या, "मला वेगळीच धास्ती होती. वाटत होतं, तू येणारच नाहीस. नातं त्याच्यामुळे होतं, ते संपलं, असं म्हणशील."

"आले की."

"मग अधूनमधून भेटशील?"

आभानं बनचा तुकडा मोडून त्यांच्या बशीत ठेवला. "भेटेन. पण दीपमालाला माहीत असू दे. चोरून नको, काकू."

"अगं, तिनंच पाठवलंय मला. म्हणाली, आधी आभाताईंना भेटून या, मग माझ्या साड्या बघायला चला."

आभाला त्या न पाहिलेल्या बाईविषयी एकदम बरं वाटलं. "मग चांगली भरजरी घ्या तिला," ती म्हणाली, "आणि रंग तिलाच निवडू द्या."

"म्हणजे? तुझ्या वेळी मी..."

"मोरपिशी नको होता मला."

"आत्ता सांगतेयस?" सुधाताईंनी कपाळाला हात लावला.

गप्पा लांबल्या. बाहेर आल्यावर आभानं इंदिरानगरला आईला फोन लावला. सुधाताईंनी बोलावलंय हे सकाळी कळल्यापासून आई जीव मुठीत धरून बसली होती.

"काय म्हणाल्या गं?"

"आल्हादचं लग्न ठरलं."

मग हळूच, "तू ठीक आहेस ना?"

"मला सपाटून भूक लागलीय, आई," स्कूटर सुरू करत आभा म्हणाली. "वरणभात टाक. मी निघालेच."