साथीच्या वर्षाची चार पानं

गावाच्या आठवणींचं पुस्तक निघणार होतं. वाचनालयाच्या माडीवर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकायचे आणि टाइप करायचे, हे तिचं काम. त्यातला एक आवाज तिच्या आईचा होता. आईला जाऊन तीन महिने झाले होते, म्हणून तो तिने सगळ्यांत शेवटी घेतला.

आई मेलेल्यांना आंघोळ घालायची. साथीच्या वर्षी सख्खी मुलं बापाला हात लावेनात, तेव्हा ती घरोघर गेली. पुढे जन्मभर त्याच घरांनी तिला मागच्या दाराशी उभं केलं. शुभकार्यात तिची सावली नको असे. ती स्वतः गेली, तेव्हा तिला आंघोळ घालायला लेकीशिवाय कोणी फिरकलं नाही.

निवृत्त मुख्याध्यापक पुस्तकाचे संपादक होते. त्यांनी पान वाचलं आणि मागच्या दाराच्या परिच्छेदावर पेन्सिल ओढली.

“आईची सेवा राहू दे. एवढं गाळू.”

“का, सर?”

“अगं, ती घरं नांदती आहेत. नातवंडं वाचतील.”

“त्यांनी वाचावं म्हणूनच सांगितलंय तिने. धाप लागली होती, तरी म्हणाली, हे लिहायला विसरू नकोस.”

शेजारी जुने फोटो निवडत बसलेला औषधवाला हसला. “ताई, पुस्तक काढतोय, पंचनामा नाही. आईचा गौरव होतोय, तर तुम्ही दुधात मिठाचा खडा काय टाकताय?”

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“हे बघ,” सर समजुतीने म्हणाले, “लेक म्हणून संमतीपत्रावर सही दिलीस तर तिचं नाव राहील. नाहीतर तेही जाईल.”

सर वाईट नव्हते. फीमाफीसाठी तिच्या अर्जावर त्यांनीच शिफारस लिहिली होती. त्यामुळे तर तिला जास्त चीड येत होती.

“सर, तुमच्या वडिलांना आंघोळ कोणी घातली?”

“तुझ्या आईने.”

“आणि नंतर तुमच्या घरी ती कुठल्या दाराने यायची?”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “मी लहान होतो गं.”

“नंतर मोठे झालात की.”

संमतीपत्रावर तिने सहीच्या जागी ‘संमती नाही’ असं लिहिलं, आईचं पान उचललं आणि जिना उतरली.

पुस्तक ठरल्या दिवशी निघालं. साथीच्या वर्षावर त्यात चार पानं आहेत. गावात बहात्तर माणसं दगावली, असं लिहिलंय. कोणाच्या घरातली किती, तेही दिलंय. त्यांना शेवटची आंघोळ कोणी घातली, हे अजून एकाही वाचकाने विचारलेलं नाही.